शून्य पॉइंट आठ

कोकिळाकाकू डबीचं झाकण फिरवते
आणि डबी माझ्या नाकाखाली धरते.
"हुंगी देख. यामा काहीच घालेल नही."
कोरफडीचा गर, तिळाचं तेल, मेण, गुलाबपाणी.
झाकणावर हिरवं पान, पानाखाली
अमळनेरच्याच छापखान्यातली अक्षरं:
शंभर टक्के केमिकलमुक्त.

मी जळगावला एमआयडीसीत, क्रीमच्या कारखान्यात,
तपासणीच्या खोलीत असते.
माझं काम वाट पाहण्याचं.
बशीत अगर, अगरवर नखभर क्रीम,
मग उबेची पेटी, मग तीन दिवस.
काही उगवलं नाही तर सही करायची.
असं शेत कुणी पाहिलंय का,
जिथे काही न उगवणं हेच पीक?

"म्हंजे तुमी लोक जहर टाकतस," काकू म्हणते.
टाकतो, काकू.
शंभर ग्रॅमला शून्य पॉइंट आठ.
फिनॉक्सिइथेनॉल.
तुझ्या कोठीत गव्हाला पाऱ्याच्या गोळ्या,
तुरीच्या डाळीला एरंडेल,
आणि गेल्या साली मीठ कमी पडलं म्हणून
लोणच्याची आख्खी बरणी उकिरड्यावर.
तेव्हा मिठाला तू काही बोलली नव्हतीस.

(हे मी मनात म्हणते. तोंडाने म्हणते, वास छान आहे.)

मे महिना. पारा सेहेचाळीस.
अकरा ते चार लाईट नाही,
फ्रिजमधल्या डब्यांना घाम.
पैलाडच्या शाळेतल्या चित्ररेखाबाई
रुमालात गुंडाळून डबी घेऊन आल्या,
उजवी पापणी जांभळासारखी.
"काकूला सांगू नका," म्हणाल्या, "चांगली बाई आहे."

दुसऱ्याच दिवशी बशी भरली.
एक केसाळ, राखाडी.
काही मोत्यांसारख्या, ओळीने.
आणि एक हिरवट, चकाकणारी,
जिला मी नावाने ओळखते
आणि हातमोजे बदलते.
पापणी तिच्यामुळेच सुजली का?
तेवढं मला सिद्ध करता येणार नाही.

माझ्या डाव्या मनगटावर एक पट्टा आहे,
घड्याळाखाली, कोणाला दिसत नाही.
पूर्वी आम्ही दुसरंच एक वापरायचो,
नाव याहून लांब.
त्याने माझी कातडी महिनाभर सोलत होती.
मग एक दिवस ते पिंप गाडीत चढलं आणि गेलं.
जुन्या वहीत त्याच्यापुढे
माझ्याच अक्षरात लिहिलंय: सुरक्षित.
त्या वेळच्या कागदांप्रमाणे ते होतंही.
तेव्हापासून हा शब्द मी एकटा सोडत नाही.
त्याच्या हातात एक आकडा देते,
आकड्याच्या हातात तारीख.

शेवटी बशीला चिकटपट्टी लावून
तिच्याकडे घेऊन गेले.
काकूने ती उजेडात धरली. बराच वेळ.
"कितली भारी रांगोळी शे व."
मग, हळू:
"हाई मनी डबीमातलं शे?"
मी हो म्हणाले.
ती मोरीत गेली, साबणाने हात धुतले,
परत येऊन पुन्हा धुतले.
चित्ररेखाबाईंचं नाव मी घेतलं नाही.
तिने विचारलंही नाही.

संध्याकाळी बाविस्कर सोनाराकडून
काटा मागून आणला तिने,
काचेच्या पेटीतला, श्वासानेही हलणारा.
"कितलं म्हनलं व्हतंस?"
शून्य पॉइंट आठ.
"गुंजांमा सांग."
साडेसहा गुंजा, जवळपास.
तिने नाकातल्या मुरणीला बोट लावलं.
"इतलं तं आठे सोनं शे."

झाकणावरचं ते पान तसंच आहे.
लेबलं अजून पाचशे पडली आहेत, म्हणते,
ती संपू दे, मग पाहू.
मी म्हणते, आधी लेबल, काकू.
ती ऐकत नाही.
मीही उठत नाही.
पंखा बंद करते,
आणि काटा शून्यावर यायची वाट पाहते.