सहावा तास

फॉर्म टेबलावर आहे, मोहरीच्या बाटलीखाली दाबलेला.
पाच तास भरलेत. सहावा रिकामा.
हेल्मी झोपली आहे. दोन वाजलेत,
चारला मला प्लाऊ बाहेर काढायचाय,
आणि सरोवरावरचा वारा खिडकीच्या फटीत
एकच अक्षर गिरवत बसलाय.

मिसेस ओकरलंड खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या,
"मिस्टर कालिओ, या कॉलेजांत
शंभरांतले चार-पाच आत जातात.
आम्हाला एका चौकटीत खूण करून द्यावी लागते:
शाळेत होतं त्यातलं सगळ्यात अवघड हिनं घेतलं का?
'बऱ्यापैकी अवघड' अशीही चौकट आहे.
पण तिच्यात कुणी बसू नये."

सगळ्यात अवघड म्हणजे एपी फिजिक्स, कॅल्क्युलसवालं.
मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं.
मला माहीत असलेलं अवघड म्हणजे
लेस्टर नदीच्या पुलाचा उतार, पहाटेचा काळा बर्फ
आणि मागे शाळेची पिवळी बस.
त्याला चौकट नाही.

हेल्मीला हवाय पेल्टियर सरांचा तास.
तळ्यांचं विज्ञान. एपी नाही, ऑनर्सही नाही.
अकरा पोरं, त्यातली चार हॉकीवाली, झोपायला येणारी.
सर बर्फाला भोक पाडतात,
दोरीला बांधलेली काळी-पांढरी तबकडी पाण्यात सोडतात
आणि ती दिसेनाशी होते तिथे
दोरीला कपड्यांचा चिमटा लावतात.
एवढंच. दिसणं कुठे संपतं ते मोजायचं.

तिच्या आईचा फार्गोहून फोन:
"फिजिक्सच. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस म्हणावं."
हातचं कोणतं आणि पळतं कोणतं,
तेच तर या घरात कुणाला कळेना.

सही करायची म्हणून फॉर्म उचलला
आणि चुकून उलटा धरला.
मागे पेन्सिलीत आकडे. ओढ्याचं पाणी, क्लोराइड.
नोव्हेंबर. डिसेंबर. जानेवारी.
शिडीसारखे चढत गेलेले.
फेब्रुवारीपुढे प्रश्नचिन्ह.
खाली बारीक अक्षरात:
'डॅडच्या शेडपासून १४० पावलं.'

म्हणजे ती चालत गेली होती, मोजत,
माझ्या मिठाच्या डोंगरापासून पाण्यापर्यंत,
आणि रात्री जेवताना बटाटे पुढे सरकवत
मला विचारलं होतं, आज किती टन टाकलंत?
मला वाटलं, पोरीला बापाच्या कामाचं कौतुक.

तेवीस हिवाळे मी मीठ पसरतोय.
घराचे हप्ते त्यातून, तिच्या दातांच्या तारा त्यातून.
फार थंडी पडली की मीठही हात टेकतं,
मग आम्ही त्यात साखरबिटाची मळी कालवतो,
रस्त्याला गोडसर वास येतो, हरणं चाटायला येतात.
हे मला कुणी तासाला शिकवलं नाही.
ते वितळून पुढे कुठे जातं,
हेही नाही.
खाल्ल्या मिठाला जागायचं
म्हणजे आता नेमकं काय करायचं?

मी सही केली. सहावा तास तसाच ठेवला.
आकड्यांना हात लावला नाही,
फक्त प्रश्नचिन्हाशेजारी लिहिलं:
'१९ टन. पुलापासून शाळेपर्यंत.'
लिहिताना हात चोरासारखा झाला, का कुणास ठाऊक.

मग गाडी काढली.
पुलाच्या अलीकडे मीठ सोडायचं चाक
दोन खुणा मागे घेतलं
आणि आरशात बघत राहिलो.
सात वाजता पिवळी बस आली,
उतारावर जरा हलली,
गेली.