क्रू नावाचं गाव

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात
अकरा फोटो आहेत इंग्लंडचे.
आमच्या घरातून तिकडे कधी कुणी गेलेलं नाही.

पहिला आला तेव्हा मी जन्मायचो होतो.
वडील शेडमधून डबल ड्यूटी करून आलेले,
हात घासलेटनं धुतले, मग साबणानं, मग बनियनला पुसले
आणि कडा धरून फोटो ओट्यावर उजेडात नेला.
ओली गल्ली. विटांची घरं, एकाला एक चिकटलेली,
आपल्या लाइनीसारखीच, फक्त वर धुराडी.
मागे पेन्सिलीनं : क्रू, नोव्हेंबर १९६४.
आमचं दार डावीकडून तिसरं.
वडील हसले म्हणे. क्रू म्हणजे तर इंजिनावरची माणसं,
गावाला असं नाव कोण ठेवेल?

पाठवणारी डल्सी फॉक्स,
मेल ड्रायव्हर फॉक्ससाहेबाची बायको,
भुसावळात जन्मलेली, भुसावळातच बाप पुरलेला,
जिला कळण्याच्या भाकरीवर वांग्याचं भरीत लागायचं
आणि जी मे महिन्यात दाराला ओलं गोणपाट बांधून
दुपारभर पियानो बडवायची.
वडील फॉक्सचे फायरमन, नऊ वर्षं.
कोळसा एकानं टाकायचा, शिट्टी दुसऱ्यानं ओढायची,
नातं म्हणायचं तर एवढंच.
तरी फोटो येत राहिले.

आई अमळनेरकडची. तिला अक्षर येत नव्हतं,
फोटोत मात्र ती तासन्‌तास असायची.
"आठे रोज पानी पडस. देख, एकबी खाट बाहेर नही."
नँटविच गावचा चौक आला, तिनं त्याचं नथविहीर केलं.
चर्चसमोरच्या बाकावरची म्हातारी
तिच्या मते हुबेहूब सोनगीरची जिजा,
भांडून बसलेली.
पापड लाटायला बाया जमल्या की डबा उघडायचा,
आणि उडदाच्या लाट्या संपेपर्यंत
सगळ्या जणी नथविहिरीत.

एकाहत्तरच्या पत्रात तिनं विचारलं :
दोनशे चौदाच्या अंगणातला पेरू आहे ना अजून?
त्याच्याखाली उभं राहून एक फोटो पाठवाल?

दोनशे चौदा पाडून तिथं सायकल स्टँड झाला होता.
वडील दोन दिवस गप्प.
रविवारी स्टुडिओवाल्या झोप्यांना डबलसीट बसवून
गार्डांच्या क्वार्टरमागे घेऊन गेले.
तिथला पेरू, तिथली भिंत,
आम्ही तिघं रांगेत. मी सहा वर्षांचा, डोळे मिटलेले.
मागे बुकिंग क्लार्ककडून इंग्रजीत लिहून घेतलं :
झाड बरं आहे.

उत्तरात तिचा फोटो.
दारात उभी, झग्यावर स्वेटर, केस पांढरे.
आधीच्या दाराला पायरी नव्हती.
या दाराला दोन, शेजारी लोखंडी कठडा.
मी दाखवलं, तर आई म्हणाली, "नवी बांधेल व्हई."
वडिलांनी फोटो उलटा करून मागचं वाचल्यासारखं केलं.
मागे काहीच नव्हतं.

आता भिंग घेऊन बसतो कधीकधी.
'आमचं घर' चार फोटोंत आहे
आणि चारही घरं वेगळी.
भाड्यानं फिरत असेल. किंवा फॉक्स गेल्यावर
कुणाच्या तरी खोलीत राहत असेल,
आणि दार चांगलं दिसलं की उभी राहत असेल
कुणाला तरी कॅमेरा धरायला सांगून.
माहीत नाही.
पंच्याऐंशीनंतर पत्र नाही.

मागच्या वर्षी स्टेशनच्या हॉलमध्ये
जुन्या भुसावळच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं.
मी पेरूचा दिला, झोप्यांनी तेव्हा काढलेली दुसरी प्रत.
खाली पट्टी लावली त्यांनी :
क्वार्टर नं. २१४, फॉक्स यांचे अंगण.
मीच तसं सांगितलं होतं.

एक रिटायर्ड टीसी बराच वेळ समोर थांबला.
म्हणाला, या झाडाचे पेरू मी चोरून खाल्लेत,
ती मॅडम काठी घेऊन धावायची.
मी विचारलं, आतून कसे होते?
म्हणाला, लाल. लालभडक.