डावी बाजू

निंगव्वा कडोलीहून अंडी आणते,
भाताच्या कोंड्यात पुरून, स्टीलच्या डब्यात.
ती म्हणते तत्ती, मी म्हणते अंडं,
हिशेब दोघींचा बोटांच्या पेरांवर.

बावन्न तास उबवलेलं एक
कवचाला खिडकी पाडून उघडते मी.
"बघू," म्हणते ती,
प्रयोगशाळेच्या दाराशी चप्पल काढून.

पिवळ्यावर लाल रेघांचं जाळं,
मधोमध एक ठिपका.
"यव्वा! काळीज उडायलंय की."

काळजाच्याही आधीचं आहे काही, मी सांगते.
पाठ नव्हती, डोकं नव्हतं
तेव्हाच मूठभर पेशी वेगळ्या निघाल्या.
बाकीच्यांना हाका येत होत्या,
तू कातडी हो, तू मणका हो, तू रक्त.
यांच्यात एक जनुक जागं राहिलं,
त्याचं काम एवढंच:
यांतली एकही हाक आत पोचू न देणं.
मग त्या डोक्याच्याही पुढे, अंगाबाहेर,
नखाच्या कोरीएवढ्या चंद्रकोरीत थांबल्या.
रक्त वाहू लागलं तशा रक्तात उतरल्या.
काही भलतीकडेच अडकल्या, तिथेच संपल्या.
उरलेल्या आता काठाला लागतायत,
हिच्या अंड्यांची जागा होईल तिथे.

"वाट कोण सांगितलं त्यांना?"
ती जागाच बोलावते. वासासारखं काहीतरी सोडते.
"आणि ह्यांनीच निघायचं, दुसऱ्यांनी नाही, हे?"
ते कोंबडीनं.
अंडं तिच्या पोटात असतानाच
आत एक खूण ठेवून दिली तिनं.
जिच्या वाट्याला खूण, ती पेशी निघाली.

निंगव्वा जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली,
"एवढं करून वर एकवीस दिवस
रवणीला बसते रांड."

मादी असेल तर उजवीकडचं सुकून जाईल,
डावी बाजूच तेवढी पिकेल,
हे मी तिला सांगितलं नाही.
माझी उजवी मार्चमध्ये काढली,
नेहरूनगरच्या दवाखान्यात.
पाटी कानडी, रिपोर्ट इंग्रजी,
डॉक्टर मराठीत म्हणाले, एक पुरते.

नियमाप्रमाणे उघडलेलं अंडं टाकून द्यायचं असतं.
मी खिडकीला टेप लावली,
यंत्रात परत ठेवलं. काटा साडेसदतीसवर.

निंगव्वानं डबा उपडा झटकला,
कोंडा फरशीभर.
"शनिवारी किती आणू?"
बारा, म्हटलं.
ती जिन्यापर्यंत गेली तेव्हा ओरडून सांगितलं,
तेरा आण.