ओला पाय

सहा वर्षं मी कंबरेलाच जाब विचारत होते.
कापराचं तेल, शेकाची पिशवी,
गादीखाली सरकवलेली प्लायवूडची फळी,
एक्स-रे, ज्यात काहीच निघालं नाही
आणि त्या काहीच नाहीचे साडेचारशे रुपये.

सेक्टर पंधराच्या टपरीवाले भिकोबा पायाळू,
म्हणून एका अमावास्येला त्यांच्यापुढे पालथी पडले.
त्यांनी संकोचून चप्पल काढली,
अंगठा तीनदा टेकवला माकडहाडाच्या जरा वर.
'जाईल उसण,' म्हणाले.
गेली. गुरुवारी परत आली.

नोकरी रबाळ्याला, एमआयडीसीत. पॅकिंग.
बारा तास उभं, खाली सिमेंट,
पुढ्यातून सरकत जातात दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या,
दहा-दहाच्या पट्टीत, आपापल्या खोबणीत आडव्या.
कधी कधी मला त्यांचा हेवा वाटायचा.

घणसोलीच्या सायमा मुकादम वयाने माझ्या पुतणीएवढ्या.
पाठीला हातही लावला नाही.
म्हणाल्या, चपला दाखवा.
माझ्या चपला! आतल्या कडेला झिजून
एकमेकींकडे कलंडलेल्या,
कुणाची तरी चहाडी करणाऱ्या जावांसारख्या.
मग बादलीत पाय बुडवायला लावला
आणि फरशीवर पसरलेल्या पेपरावरून म्हणाल्या, चाला.

टाच, चवडा,
आणि मधे जिथे कोरडं राहायला हवं
तिथेही ओलंच. अख्खा पाय.
एका टेंडर नोटिशीची सगळी अक्षरं भिजली होती.

'कमान नाहीये. पाऊल आत कलतं,
त्याच्या मागे घोटा, मग गुडघा वळतो, खुबा झुकतो,
आणि सगळ्यात शेवटी ओरडते कंबर.
जी ओरडते, तिचीच चूक असते असं नाही.'
हे मला ठाऊक होतं.
घरच्या बाबतीत.

एकोणीस वर्षांपूर्वी, कोपरखैरण्यात, याच उंबऱ्यात
परातीतलं कुंकवाचं पाणी, पांढरं कापड,
आणि माझ्या पावलांकडे वाकून बघत
कुंदावन्सं म्हणाल्या होत्या,
'अगंबाई, फताडी!
लक्ष्मीच्या पावलाला मधे कशी खाच असते...'
सगळे हसले. मीही.
सासूबाईंनी ते कापड वाळवून, घडी करून
कपाटात ठेवलं. अजून आहे.
म्हणजे रिपोर्ट तेव्हाच आला होता.
वाचलाही सगळ्यांनी,
पण कंबरेपर्यंत नाही.

आता चपलेत सातशे रुपयांची निळी कमान आहे.
रात्री फरशीवरचा रुमाल
पायाच्या बोटांनी गोळा करते, वीसदा.
नवरा म्हणतो, खेकडा झालाय तुझा.
दुखणं निम्मं. सिमेंट तेच. तासही बाराच.

भिकोबांना सांगितलं परवा,
तुमचं खरं होतं, पायानेच जायची होती उसण,
फक्त माझ्या.
चहा गाळता गाळता ते थांबले.
एक टाच हळूच उचलून धरली.
'माझी पण दुखते गं ही, सकाळची पहिली पावलं.
पेपर कुठला होता?'