शुक्रवारचं यंत्र

इरेनेउशने पाठकोऱ्या कागदावर दोन रकमा लिहिल्या,
एकीखाली एक, मध्ये रेघ न मारता.
वरची: नवी सुई, पट्टा, मोटरीचे रबरी पाय,
कुजलेल्या तारा. सातशे झ्लॉटी.
खालची: कोरं टर्नटेबल, खोक्यासकट. नऊशे.
"सोन्याहून घडणावळ जड होतेय, बघा बुवा,"
असं म्हणून तो चहाचं पाणी ठेवायला आत गेला.

त्याआधी नव्यावर त्याने माझीच तबकडी लावून दाखवली होती.
एक मुलगी गायला लागली.
कोण ही?
शब्द तेच, खोकल्यासारखा ट्रम्पेट तोच,
पण ही दहा वर्षांनी लहान
आणि कुठेतरी जायची घाई असलेली.
"तुमचं हळू फिरतंय," इरेनेउश म्हणाला.
"केव्हापासून, देव जाणे."

वूचमध्ये अठ्ठावीस वर्षं ट्राम चालवली मी.
दोन मिनिटं उशीर झाला तर लेखी जबाब.
आणि घरी, माझ्या नाकाखाली,
एक बाई रोज उशिरा पोचत होती
आणि मी डोळे मिटून ऐकत होतो.

घड्याळ लावून मोजलं.
पाकिटावर छापलंय एकोणीस मिनिटं.
आमच्याकडे वीस भरतात.
म्हणजे दर बाजूमागे एक मिनिट वरकड.
काय केलं आम्ही त्यांचं?
बरीचशी बटाटे सोलण्यात गेली असतील.
काही भांडणात.
एक मात्र त्या डिसेंबरातलं, संचारबंदी लागलेली,
दिवा मालवून स्वयंपाकघरात नाचलो होतो,
तिच्या केसांना यंत्राच्या तेलाचा वास.
पट्टा तेव्हा सैल झाला होता का?
मी धरून चालतो, की झाला होता.

बोगुमिवाला यातलं काही सांगितलं नाही.
तिने कागद बघितला आणि म्हणाली, नवं घे.
अकरा वर्षं ती त्याच कारखान्यात होती,
दांड्या बसवायला, दिवसाला चाळीस.
भाकऱ्या थापणारीला भाकरीचं कौतुक नसतं.
"आणि हे तर शुक्रवारचं आहे."
शुक्रवारचं?
"तिसरा स्क्रू बघ. अर्धा आटा बाहेर.
शुक्रवारी दोन वाजता मांसाच्या रांगेत पळायचो आम्ही.
सोमवारी कोण मागे वळून बघतंय?"

चाळीस वर्षं ही त्या शुक्रवारावरची धूळ पुसत आली
आणि एका शब्दाने बोलली नाही.

"कुणी बसवला असेल?"
"चौघी होतो," ती म्हणाली.
"चार आण्यांतला एक आणा माझा धर."

मग काय वाटलं तिला, कुणास ठाऊक.
चष्मा लावला. शिवणयंत्राच्या खणातून
स्क्रूड्रायव्हर काढला.
हल्ली सुईत दोरा ओवायला ती मला हाक मारते,
बोटांचे पेर सुजलेत.
त्याच बोटांनी दांडीमागचं वजन
न बघता, नखाने, एक घर पुढे सरकवलं.
स्क्रू पाव फेरा फिरला.
एवढंच.

"आता?" मी विचारलं.
"आता सोमवार," म्हणाली, आणि हात धुवायला गेली.

घरघर कमी झालीय, खोटं कशाला बोला.
थाळीच्या कडेचे ठिपके मात्र,
जे वेग बरोबर असला की जागच्या जागी उभे दिसतात,
अजून मागे मागे सरकताहेत,
शाळेला निघालेल्या पोरासारखे.
पट्टा आणून ठेवलाय, पासष्ट झ्लॉटी.
खणात आहे. पाकीट फोडलेलं नाही.

नव्याचं काय झालं, बोगुमिवा विचारते,
साधारण दर रविवारी.
बघू, म्हणतो मी.
ही बाजू संपू दे आधी.