गळती

तुल्साच्या तीन नंबर हँगरमध्ये रात्रपाळीला
आम्ही खुर्च्यांच्या पाठी उसवतो.
एका रांगेत सहा पडदे, रांगा सव्वीस.
प्रत्येकामागे वायरींचा गुंता.
डेलबर्ट त्याला आतडी म्हणतो
आणि कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय
सँडविचला शिवत नाही.

हे पडदे त्यानेच बसवलेले, एकोणीस वर्षांपूर्वी.
कुठला स्क्रू अडणार, त्याला न बघता ठाऊक.
"डावीकडून तिसरा. तो मीच जास्त आवळलाय.
थोरलीची तारीख होती त्या दिवशी, कोर्टात."
कसली, ते मी विचारत नाही.

काढलेला प्रत्येक पडदा काट्यावर ठेवायचा.
विझलेल्या काचेवर कुणाकुणाच्या बोटांचा मेण,
एका कोपऱ्यात चिकटवलेला वाघ.
सव्वादोन किलो, वाघासकट.
विमान हलकं होतं, इंधन वाचतं,
कागदावर सगळं फार समजूतदार दिसतं.

बदल्यात छतात एक डबा.
माझ्या जेवणाच्या डब्याएवढाच, राखाडी,
चार स्क्रू, एक हिरवा दिवा.
साडेतीनशे सिनेमे त्याच्या पोटात,
ज्याने त्याने आपापल्या फोनवर ओढून घ्यायचे.
पलीकडच्या खुर्चीतल्या अनोळखी माणसाचा सिनेमा
आपण आवाजाशिवाय बघायचो,
नवऱ्याने दार का आपटलं हे आपणच ठरवायचो,
तो मात्र या साडेतीनशेत नाही.

चाचणीची रात्र वेगळी.
विमान बाहेर, वाऱ्यात.
एकशे छप्पन्न खुर्च्यांवर एकशे छप्पन्न फोन मांडायचे,
सगळ्यांवर एकच सिनेमा लावायचा
आणि मधल्या वाटेने चालत जायचं,
कोण अडखळतंय बघत.
पट्टे सैल लोंबतायत. माणूस नाही.
एकाच बाईचा चेहरा एकशे छप्पन्न वेळा
खिडकीकडे वळतो,
पण एकदम नाही.
बारावी रांग जराशी आधी,
सतराव्या रांगेला उशिरा कळतं,
जिलेबी संपल्याची कुजबुज
पंगतीतून सरकत जावी तसं.
मी लिहून घेते: बावीस डी, थांबत थांबत.

फाटकावरच्या चौकीत वनीटा असते.
मनातल्या मनात मी तिला कधीच वनिता करून टाकलंय.
तिने एकदा सांगितलं, चोरी कबूल करावी तशा आवाजात:
विमान असं बाहेर उभं असलं
की डब्यातलं थोडं गळतं.
खिडक्यांतून असेल, दाराच्या फटीतून असेल.
ती चौकीच्या काचेला फोन टेकवून धरते
आणि दोन दांड्या येतात.

वनीटा जन्मात विमानात बसलेली नाही.
विमानातले अकरा सिनेमे तिने पाहिलेत.
अकराही अर्धे.
पाचच्या सुमाराला ट्रॅक्टर येतो,
विमानाला नाकाला धरून नेतो,
चित्र थिजतं, मग एक चक्र नुसतं फिरत राहतं,
आणि गोष्टीतली माणसं
तिला न सांगता डॅलसला निघून जातात.

"त्या खिडकीवालीचं पुढे काय होतं गं?"
मी तोंड उघडलं आणि तशीच उभी राहिले.
किती रात्री, किती फोनांवर तिला वळताना पाहिलंय,
पण चाचणी चाळीस मिनिटांची असते.
मलाही माहीत नाही.

फॉर्मवर एक रकाना आहे:
विमानाबाहेर सिग्नल, होय की नाही.
पेन त्याच्यावर टेकवून मी थोडा वेळ बसले,
मग पान उलटलं.

पावणेपाच. चाळीस मिनिटं कधीच होऊन गेली.
डेलबर्ट चौदा सीमध्ये, बूट काढून,
खुर्चीवरचा फोन मांडीवर घेऊन.
त्याने मान वर केली नाही.
मी ट्रॅक्टरवाल्याला कळवलं,
अजून अर्धा तास दे बाबा, एक फोन अडतोय.
खोटं नाही ते.
बावीस डी खरंच अडतोय.