दोरा तुटला

प्रशिक्षणात सांगितलं होतं,
कपाळाच्या मागे एक ब्रेक असतो.
सहा-सात वर्षांच्या पोरांत तो अजून कच्चा,
खेळून खेळून पक्का होतो.
रोज वीस मिनिटं, बारा आठवडे.
सोबत एक पेटी दिली: पत्ते, ठोकळे, शिट्टी,
आणि मुलामागे एक फॉर्म.

शिट्टी पहिल्याच दिवशी बाद.
आमची शाळा अशोक चौकाच्या मागं, मागांच्या मधोमध,
डावीकडे टॉवेल, उजवीकडे चादरी,
खटक खटक खटक खटक,
त्यात शिट्टी म्हणजे
वरातीच्या बँडपुढे डास.

मग चार भाषा.
थांब म्हटलं. आगू म्हटलं.
निल्लू म्हटलं. रुक जा म्हटलं.
वर्ग पळतच राहिला,
सगळ्यांच्या पुढे शरणू.
भिंत आली की तो थांबतो,
तेही भिंतीवर उपकार केल्यासारखा.
मागच्या बाईंनी त्याच्या नावापुढे लिहिलेलं: चंचल.
त्यांच्या आधीच्या सरांनी: मंद.
एकाच पोराबद्दल, एकाच वहीत.

"असं नाय थांबत कोण, ओ बाई,"
लावण्या म्हणाली. वय सात, बोलणं सत्तरचं.
"दोरा तुटला म्हणा की."

मी ओरडले: दोरा तुटला!

एक पाय हवेत,
उजवा हात पुढे, बोटांची चिमटी,
शरणू जागच्या जागी.
डोळे तेवढे हलत होते,
तुटलेलं टोक शोधत.
बापाच्या मागाशी उभं राहून शिकलेलं.
दोरा तुटून माग चालू राहिला
तर कापडाला भोक, आणि शनिवारच्या पगाराला.

फॉर्मवर मी पाचपैकी पाच दिले.
मग खोडून चार केले,
साहेबांना खरं वाटावं म्हणून.

पत्त्यांचा खेळ शिकवायला बसले आणि हरले.
सोळा पत्ते पालथे, जोड्या लावायच्या.
पेटीतल्या पत्त्यांवर पेंग्विन, जिराफ, बर्फाचं घर.
"ही इडली का ओ?" मुजम्मिलनं विचारलं.
मग चादरीच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून आमचे आम्ही केले:
कात्री, धोटा, कुलूप, मिरची, अंडं, घागर,
चपलेचा एक पाय,
आणि कुणीतरी काढलेला आमचा शिपाई.

लावण्या पत्त्यांकडे बघतच नाही,
नुसते ओठ हलतात.
कसं गं लक्षात राहतं?
"आई पानं कापते, मी विड्या मोजते.
पंचवीसचा कट्टा. मध्ये बोललं तरी चुकायचं नाय.
चुकलं तर पयल्यापासून."
रोज किती?
"हजार. कधी कधी आठशे,
तवा आई बोलत नाय."

शाबास म्हणायला तोंड उघडलं
आणि तसंच राहिलं.
कशाबद्दल शाबास?
पोरं वाट बघत होती, डाव माझा होता.
मी मिरची उचलली. जोडी म्हणून कुलूप.
"का बे बाई," मुजम्मिल म्हणाला,
आणि स्वतःच जीभ चावली.

नवव्या आठवड्यात, एका दुपारी,
पत्रा तापून वास सुटलेला,
वीज गेली.
अख्ख्या गल्लीतले माग एका दमात गप्प.

असली शांतता इथं कुणाला ठाऊक नाही.
कुठंतरी कोंबडी. कुठंतरी रेडिओ नसलेलं घर खोकत होतं.
आणि माझा वर्ग, मी काही न म्हणता,
जसा होता तसा थिजला.
बत्तीस पोरं. एकाचा पाय हवेत.

मीही हलले नाही.
घड्याळ फॉर्मखाली दबलेलं.

"बाई," शरणू कुजबुजला,
"आता कोण जोडायचं?"

याचा नियम पेटीत नव्हता.
तूच जोड, म्हटलं.

त्यानं पाय खाली घेतला,
हवेतलं एक टोक पकडलं, दुसरं पकडलं,
बोट जिभेला लावलं,
पीळ दिला, गाठ मारली,
उरलेला शेंडा दातानं तोडून थुंकला.

वीज काही आली नाही.
संध्याकाळपर्यंत आली नाही.
पण आम्ही पळायला लागलो,
आणि त्या शांततेत पहिल्यांदा
आमच्या पायांचा आवाज
आम्हाला ऐकू आला.